‘दुसरे मत’ : रक्तपरीक्षेच्या विसंगत निकालाचा विचार

वैद्यकव्यवहारातील ‘दुसरे मत’ ही संज्ञा मराठीत अलीकडे रुळली आहे. इंग्रजी संज्ञेचे ते सरळ भाषांतर होय. बोलीत मात्र या कल्पनेसाठी वेगळाच शब्दप्रयोग आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत रुग्णाचे नातेवाईक ‘दुसरीकडे दाखवून बघू’ असे म्हणतात. साताऱ्याचा माणूस अशा वेळी पुण्याचे नाव घेतो, जत किंवा कवठेमहांकाळचा माणूस मिरजेचे. मिरजेची ही ख्याती जुनी आहे, डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय तेथे १८९४ पासूनचे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. ‘दाखवणे’ या क्रियापदात पाहणारा बदलतो व पाहण्याची वस्तू तीच राहते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पोटातील गाठ किंवा छातीतील ठोका यांच्यापुरती ही कल्पना पुरेशी ठरते, कारण एका हाताला जे जाणवले नाही ते दुसऱ्या, अधिक सरावलेल्या हाताला जाणवू शकते. रक्ताच्या तपासणीचे तसे नाही. तेथे निकाल हा बहुधा एक आकडा असतो, किंवा ‘आढळले’ व ‘आढळले नाही’ यांपैकी एक उत्तर. नळी तीच, यंत्र त्याच जातीचे आणि परीक्षेची रीत तीच असेल, तर दहा तज्ज्ञ दहा गावांत बसून तेच उत्तर देतील. सतत वावगा येणारा निकाल घेऊन माणूस शंभर मैल गेला आणि तेथेही तीच परीक्षा त्याच रीतीने झाली, तर त्याला दुसरे मत मिळाले असे म्हणता येत नाही. पहिलेच मत त्याला दुसऱ्यांदा मिळाले, इतकेच.

मग रक्ताच्या बाबतीत दुसरे मत कशाला म्हणावे, हा प्रश्न उरतो. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९५२ साली मुंबईत मिळालेल्या एका निकालात आहे, आणि त्याचा विस्ताराने विचार पुढे केला आहे. तत्पूर्वी ‘वावगा निकाल’ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल.

छापील अहवालात रुग्णाच्या आकड्यासमोर एक मर्यादा दिलेली असते व आकडा तिच्याबाहेर गेला की तो ठळक होतो किंवा त्यापुढे बाण उमटतो. ही मर्यादा निरोगी माणसांच्या मोठ्या समूहावरून काढलेली असते, आणि सामान्यतः त्या समूहातील मधल्या शेकडा ९५ जणांचे आकडे तिच्यात बसतात. म्हणजेच उरलेले शेकडा ५ जण निरोगी असूनही व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा वीस परीक्षा एखाद्या निरोगी माणसावर केल्या, तर त्यांतील एक तरी ठळक येण्याचा संभव शेकडा ६४ इतका निघतो. अहवालातील ठळक आकडा हे एका व्यक्तीचे एका समूहाशी असलेले अंतर होय. बोलीत हे अंतर टिकत नाही. ‘रिपोर्ट खराब आला’, ‘रक्तात दोष निघाला’, ‘रक्त कमी आहे’ या तिन्ही वाक्यांत समूह नाहीसा झालेला आहे व जे नाते होते ते त्या व्यक्तीचा गुण बनले आहे. ‘रक्त कमी आहे’ याचा मूळ अर्थ तांबड्या रंगद्रव्याचे प्रमाण कमी आहे एवढाच असतो. परंतु ऐकणारा अंगातील रक्त मापाने कमी झाले असे समजतो.

निकाल एकदाच वावगा आला तर वरील हिशेबावर बोट ठेवता येते. तो पुनःपुन्हा तसाच आला, की कारण शोधणे भाग पडते, आणि येथेच परीक्षेची रीत बदलण्याचे महत्त्व दिसते. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट हा शब्द खेडोपाडी पोचला आहे. काही माणसांच्या प्लेटलेट प्रत्येक तपासणीत धोकादायक वाटाव्यात इतक्या कमी येतात, अंगावर मात्र रक्तस्रावाचे कोणतेही चिन्ह नसते. याचे एक कारण नळीत असते. रक्तगणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेले असते, आणि अशा माणसांच्या प्लेटलेट त्या रसायनाच्या सान्निध्यात एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. अशा वेळी जांभळ्या नळीतली दहावी तपासणीही पहिलीइतकीच चुकीची असते. सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतले, किंवा काचेच्या पट्टीवर रक्ताचा थर देऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की उलगडा होतो. तसेच लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही व तांबड्या पेशी आकाराने लहानच राहतात, अशांमध्ये थॅलसेमियाचे वाहक असू शकतात. त्यांच्यासाठी हिमोग्लोबिन ए-२ या घटकाचे प्रमाण मोजावे लागते. ते शेकडा ३.५ हून अधिक असल्यास वाहकत्वाचा निष्कर्ष सामान्यतः निघतो. लोहाची कमतरता त्याच माणसात असेल तर हे प्रमाण खाली ओढले जाते, म्हणून कधी कधी लोह भरून काढून मगच ती परीक्षा पुन्हा करावी लागते.

या दोन्ही उदाहरणांत दुसऱ्या मताने पहिल्या निकालाला खोटे ठरवले नाही. पहिल्या परीक्षेने जो प्रश्न विचारलाच नव्हता, तो दुसरीने विचारला. आता मुख्य उदाहरणाकडे वळता येईल.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे लावला व १९०१ साली तीन गटांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील तिसऱ्याला त्यांनी सी म्हटले होते. तोच पुढे ओ झाला. चौथा गट, एबी, दुसऱ्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ए हे द्रव्य असेल तर गट ए, बी असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी, आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर ओ, अशी ही मांडणी आहे. ओ हे नाव मुळात शून्याचे चिन्ह असावे, असा एक तर्क आहे. काही जण ते ‘शिवाय’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर मानतात. दोन्ही व्युत्पत्तींचे तात्पर्य एकच निघते. पहिली तीन नावे काय आहे ते सांगतात. चौथे नाव काय नाही ते सांगते.

अभावावर आधारलेली संज्ञा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. मराठीत ‘घर’ या शब्दाचे अनेकवचन ‘घरे’ होते, परंतु ‘हात’ या शब्दाचे अनेकवचन ‘हात’ असेच राहते. तेथे अनेकवचनाचा प्रत्यय शून्य आहे असे वैयाकरण म्हणतो. ‘हात’ हे रूप सुटे दाखवले तर ते एकवचन की अनेकवचन हे कोणालाही सांगता येणार नाही, मग तो कितीही मोठा पंडित असो. दुसऱ्या पंडिताला दाखवूनही उपयोग नाही. ‘हात दुखतो’ व ‘हात दुखतात’ अशी वाक्ये समोर आली, म्हणजे शब्दाचा दुसऱ्या शब्दाशी असलेला संबंध पाहायला मिळाला, की निर्णय क्षणात होतो. शून्य दोन प्रकारचे असू शकते. त्यांतील भेद शून्याकडे निरखून पाहिल्याने कळत नाही.

ओ गटाच्या शून्याबाबत नेमके हेच घडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर अशा रुग्णांचे रक्त आले, की ज्याचा गट नेहमीच्या परीक्षेत ओ ठरत होता आणि जे ओ गटाच्या दात्यांच्या रक्ताशी जुळत मात्र नव्हते. दाते बदलले तरी निकाल बदलेना. अशा वेळी नमुन्यांची अदलाबदल झाली, रसायन शिळे झाले, तंत्रज्ञाची चूक झाली, असे खुलासे चटकन सुचतात व बहुतेक वेळा ते खरेही असतात. त्या मंडळींनी या खुलाशांवर विषय मिटवला नाही. विसंगती टिकून राहते हीच माहिती मानून त्यांनी नमुने लंडनला रॉबर्ट रेस व रूथ सँगर यांच्याकडे आणि लिस्टर संस्थेतील वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्याकडे तपासावयास दिले. रक्तगटांच्या रसायनशास्त्रात या चौघांचा अधिकार त्या काळी मोठा होता. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या सात जणांच्या नावाने एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘नवे’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला आहे. अशा तीन व्यक्ती हाती आलेल्या असतानाही त्या शब्दाला दिलेली ही दोन चिन्हे पुष्कळ काही सांगून जातात.

लंडनच्या परीक्षेने विचारलेला वेगळा प्रश्न एच या द्रव्याविषयी होता. नेहमीच्या ओ गटाच्या पेशी रिकाम्या नसतात. त्यांच्यावर एच हे द्रव्य विपुल असते. तेच ए व बी या द्रव्यांचा पाया होय. पेशीच्या पृष्ठभागावरील साखरेच्या साखळीला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की एच तयार होते. त्यावर आणखी एक शर्करा चढली की ए किंवा बी. फ्यूकोज जोडणारे विकर ज्या जनुकामुळे निर्माण होते, त्याला आता एफयूटी-१ असे म्हणतात. आईकडून व वडिलांकडून अशा या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या, तर पायाच घातला जात नाही, आणि ए किंवा बी यांची जनुके जवळ असूनही त्यांना काम करायला जागा उरत नाही. पेशीवर ए नाही व बी नाही, म्हणून परीक्षा सांगते, ओ. ती खोटे सांगत नाही. तिला ए व बी एवढेच विचारले होते.

भेद रक्तरसात दिसतो. आपल्या पेशींवर जे द्रव्य नाही त्याविरुद्धचे प्रतिपिंड माणसाच्या रक्तरसात जन्मानंतर काही महिन्यांत तयार होतात. ओ गटाच्या माणसाजवळ ए व बी यांच्याविरुद्ध प्रतिपिंड असतात. या निराळ्या माणसाजवळ त्यांच्या जोडीला एचविरुद्धचेही असतात, आणि ते शरीराच्या तापमानात प्रभावी असतात. त्याला ओ गटाचे रक्त दिले, तर एचने भरलेल्या त्या पेशींवर त्याचे प्रतिपिंड तुटून पडतात. पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उत्पन्न होतो व प्राणही जाऊ शकतो. ‘ओ म्हणजे सर्वदाता’, ‘ओ कोणालाही चालते’ हे शाळेत शिकवले जाणारे वाक्य या माणसापुरते घातक आहे. त्याला केवळ त्याच्याच प्रकारचे रक्त चालते. भारतात असे लोक साधारणपणे दहा हजारांत एक असे मानले जाते, युरोपात दहा लाखांत एक.

पेशी घेऊन त्यांवर ज्ञात प्रतिपिंड टाकणे ही सरळ परीक्षा. रक्तरस घेऊन त्यात ज्ञात गटाच्या पेशी टाकणे ही उलट परीक्षा. वर दिलेल्या उदाहरणाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली सुटे ‘हात’ रूप पाहते, दुसरी त्याचे क्रियापद पाहते. उलट परीक्षेत ओ गटाच्या पेशीही घातल्या आणि त्याही एकत्र चिकटल्या, तर संशय घेणे भाग आहे. त्यानंतर युलेक्स युरोपियस या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेले लेक्टिन वापरतात. ते नेहमीच्या ओ पेशींना गोळा करते, या पेशींना स्पर्शही करीत नाही. रक्तपेढ्यांत दोन्ही परीक्षा करण्याची पद्धत आहे. गावपातळीवरील शिबिरांत, विशेषतः काचपट्टीवर गट पाहून जी कार्डे वाटली जातात तेथे, बहुधा पहिलीच होते. म्हणून एखाद्या माणसाच्या खिशात शाळेपासून ओ असे लिहिलेले कार्ड असते, वाहनपरवान्यावरही तेच अक्षर असते, आणि रक्ताची पहिली पिशवी लावण्याची वेळ येईपर्यंत ते अक्षर कोणी तपासून पाहिलेले नसते.

तो क्षण अनेकदा प्रसूतीचा किंवा अपघाताचा असतो. रक्तपेढीतील तंत्रज्ञ ‘क्रॉसमॅच होत नाही’ असे सांगतो आणि घरची माणसे त्याचा अर्थ ‘रक्त शिल्लक नाही’ असा घेतात. मग ती आणखी दाते गोळा करण्याच्या मागे लागतात. वीस तरुण रांगेत उभे राहतात व वीसही ओ गटाचे असतात. त्यांच्या सद्भावनेबद्दल शंका नाही, परंतु तो वेळ फुकट जात असतो. क्रॉसमॅच हे या सगळ्या व्यवहारातील शेवटचे फाटक होय, आणि ते ज्या ज्या वेळी घाईमुळे उघडे राहते त्या त्या वेळी अनर्थाला वाट मिळते. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका रुग्णालयात एका तरुण स्त्रीसाठी शिर्डीहून एक दाता चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास मोटारीने करून गेला होता, ही बातमी अनेकांच्या स्मरणात असेल. तिच्यावर आधी दुसऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली होती व तेथे तिला ओ गटाचे रक्त चढवले गेले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तिला मिळालेल्या पिशव्यांपैकी एक तिच्या सख्ख्या बहिणीची होती.

बहिणीचे रक्त जुळले हा योगायोग नव्हे. आईवडील दोघेही या जनुकाचे वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती निकामी मिळण्याची शक्यता चारात एक असते. आईवडिलांचे स्वतःचे रक्त मात्र सहसा उपयोगी पडत नाही, कारण वाहकाच्या पेशींवर एच असतेच. ‘पोटच्या पोराला आईचे रक्त लागणारच’ ही समजूत येथे सोडावी लागते आणि भावंडांकडे वळावे लागते.

येथे दक्षिण महाराष्ट्राच्या समाजरचनेचा संबंध येतो. सातारा व सांगली हे जिल्हे एकाच जुन्या सातारा जिल्ह्याचे भाग आहेत. १९४९ साली संस्थानांचा प्रदेश जोडून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या पट्ट्यात आणि त्याच्या दक्षिणेस मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांमधील संक्रमणाचा प्रदेश मानले आहे, आणि ही चाल त्या संक्रमणाची एक ठळक खूण होय. भाषेत तिचा ठसा चाल नसलेल्या घरांतही उरला आहे. सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते व सासूला ‘आत्याबाई’. मामाची मुलगी आपल्या आत्याच्या घरी सून म्हणून जाते, तेव्हाच ‘आत्याबाई’ हे संबोधन शब्दशः खरे ठरते. आणि आत्याच्या नवऱ्याला कित्येक घरांत मामाच म्हणतात, हे ध्यानात घेतले की ‘मामंजी’चीही संगती लागते. नातेवाचक शब्द विवाहसंस्थेचा पुरावा म्हणून किती टिकाऊ असतात, याचे याहून सोपे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

अशा विवाहाचा परिणाम गणिताने सांगता येतो. दहा हजारांत एक हे प्रमाण निव्वळ यादृच्छिक विवाहांतून आले असे क्षणभर गृहीत धरले, तर निकामी जनुकाचे प्रमाण शंभरात एक येते व सुमारे पन्नास माणसांत एक वाहक असतो. पती-पत्नी मामे-आते भावंडे असतील, तर त्यांच्या अपत्याला एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन समान प्रती मिळण्याची शक्यता सोळात एक असते. या आकड्यांवरून त्या अपत्यांतील प्रमाण दहा हजारांत सुमारे सात निघते. सातपट हा शब्द मोठा वाटतो, पण दहा हजारांतील उरलेल्या ९,९९३ जणांचाही विचार मनात असावा. चालीवर टीका करण्यासाठी हा हिशेब मांडलेला नाही. तो सातारा-सांगलीच्या एखाद्या डॉक्टरला किंवा तंत्रज्ञाला एवढेच सांगतो, की येथे क्रॉसमॅच वारंवार फसला आणि घरात नात्यातले लग्न असेल, तर ‘बॉम्बे’ हा विचार शेवटी नव्हे, आधी करावा. थॅलसेमियाच्या वाहकत्वाबाबतही हाच न्याय लागू आहे, आणि तेथे तर दोन वाहकांच्या अपत्याच्या जन्मभराच्या आजाराचा प्रश्न असतो.

‘बॉम्बे’ या नावाचीही थोडी चर्चा आवश्यक आहे. १९५५ साली फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. त्यातील आईचा गट ओ दिसत होता आणि मुलगी मात्र एबी गटाची होती. शाळेच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे हे अशक्य. आईजवळ बी जनुक होते, ते तिच्यात झाकले गेले व मुलीत उघड झाले, असा त्याचा उलगडा झाला. आंधळेपणाने वाचलेल्या एका अक्षरावरून मातृत्वावर किंवा पितृत्वावर शंका घेतली जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. ती शंका खेड्यातील घरात किती महाग पडेल, हे सांगण्याची गरज नाही. या प्रकाराला ‘बॉम्बे’ हे नाव तेव्हापासून चिकटले. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, रक्ताचे बदलले नाही, आणि बदलू नये हेच बरे. ‘मुंबई रक्तगट’ असे भाषांतर वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसते. परंतु तातडीच्या वेळी रक्तपेढीच्या नोंदवहीत व दूरध्वनीवर जो शब्द चालतो तोच रुग्णाच्या तोंडी असला पाहिजे. येथे भाषाशुद्धीचा आग्रह सोडणे श्रेयस्कर.

याहून गंभीर अडचण या गटाच्या चिन्हात आहे. रोमन लिपीत ओ या अक्षरापुढे, किंचित खाली, लहान एच लिहून हा गट दाखवतात. हाताने लिहिताना तो एच गळतो, टंकलेखनात तो वर येतो व उच्चारताना ‘ओ’ एवढेच ऐकू येते. म्हणजे जो भेद शोधायला मुंबई आणि लंडन यांना एकत्र यावे लागले, तो एका पुसट अक्षरावर टांगलेला असतो. ‘ओ पॉझिटिव्ह’ आणि ‘बॉम्बे पॉझिटिव्ह’ या शब्दांत ती भीती नाही, कारण त्यांचे पहिलेच पद वेगळे आहे.

असा संशय आलेला नमुना पुढे पाठवण्याची जागा मुंबईत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली तेथे रक्तगट-संदर्भ केंद्र सुरू केले. तेच पुढे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या नावाने वाढले व ते केईएम रुग्णालयाच्याच आवारात आहे. संदर्भ-प्रयोगशाळा ही दुसऱ्या मताची संस्थात्मक अवस्था होय, असे म्हणता येईल. तेथे नमुना जातो तो अधिक मोठ्या नावाच्या डॉक्टरांनी पाहावा म्हणून नव्हे. स्थानिक प्रयोगशाळेजवळ नसलेली द्रव्ये व दुर्मीळ पेशी तेथे साठवलेल्या असतात म्हणून. नमुना पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत ‘गट पुन्हा पाहावा’ असे लिहिले तर पुन्हा ओ असे उत्तर येण्याची वाट मोकळी राहते. ‘सरळ परीक्षेत ओ, उलट परीक्षेत ओ पेशींशीही प्रतिक्रिया, इतक्या ओ पिशव्यांशी क्रॉसमॅच विसंगत’ असे लिहिले तर प्रश्नच बदलतो. रुग्णानेही जुने सगळे कागद, तारखांसह, बरोबर ठेवावेत. ताजा निकाल एकटा वाचण्यापेक्षा पाच वर्षांतील पाच निकाल शेजारी ठेवून वाचणे अधिक बोलके असते. आणि नव्या डॉक्टरांना ‘रिपोर्ट बरोबर आहे का’ असे विचारण्याऐवजी, हा निकाल कोणत्या रीतीने काढला व दुसरी कोणती रीत आहे, असे विचारणे उपयोगाचे. हा प्रश्न विचारल्याने पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही. ‘मत’ या शब्दामुळेच तसा भास होतो. कारण मत माणसाचे असते, आणि ते बदलून मागणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे असे आपल्याकडे मानले जाते. घरच्या डॉक्टरांना दुखवायचे नाही म्हणून कित्येक कुटुंबे दुसरीकडे जातात ती लपून, आणि लपून गेल्यामुळे जुने कागद नेत नाहीत.

निदान पक्के झाल्यावर करावयाची कामे थोडी व ठरलेली आहेत. सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर स्वतःचेच रक्त अगोदर काढून ठेवण्याची सोय आहे. रक्तपेढीच्या शीतपेटीत ते सुमारे पाच आठवडे टिकते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत दात्यांची नावे व गावे प्रसूतीच्या तारखेआधीच मिळवून ठेवावीत, कारण सांगलीहून मुंबईचे अंतर पावणेचारशे किलोमीटरांच्या घरात आहे. ओ असे लिहिलेले जुने कार्ड नव्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवू नये. ते नष्ट करावे, आणि वाहनपरवान्यावरील नोंदही दुरुस्त करून घ्यावी. नव्या कार्डावर ‘बॉम्बे’ हा शब्द देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत पूर्ण लिहावा, त्यापुढे आर-एच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते लिहावे, आणि खाली मराठीत ‘या व्यक्तीला ओ गटाचे रक्त देऊ नये’ असे वाक्य घालावे.